झेंडू दिसेल अशी खिडकी

आमच्या स्टाफरूममध्ये कोणाला विमानानं जायचं असलं की तो आधी माझ्याकडे येतो. "मॅडम, खिडकी कोणत्या बाजूची घेऊ? तुमाले माहीत हाये म्हणे." मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते, पण एवढ्यानं ही कीर्ती झालेली नाही. मी याच टेबलावर नकाशा, पट्टी आणि कोनमापक घेऊन पंधरा दिवस बसले होते, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून मी सांगते. अमरावतीहून मुंबईला जाताय ना? उजवी बाजू घ्या. दुपारचं ऊन डावीकडून येतं, उजवीकडे डोळे दिपत नाहीत. विमान छोटं आहे, पंख खिडकीच्या वर असतो, त्यामुळे खाली बघायला तो आडवा येत नाही. पण मधल्या रांगांना गरगरणारा पंखा आणि चाकाचं धूड येतं, तेव्हा मागची रांग बघा. मागून दुसरी सगळ्यांत चांगली. समोरचा लिहून घेतो, थँक्यू म्हणतो. मग मी म्हणते, "आणि सोबत जावई असला तर त्याला आधी डावीकडे बसवा आणि त्याचा बेल्ट तुमच्या हातानं आवळा." लोक हसतात. मी विनोद करत नसते.

आईचं वावर बडनेऱ्याच्या पुढे, मूर्तिजापूरच्या रस्त्याला होतं. होतं, असंच म्हणायचं आता. तीन एकर काळी जमीन, मधोमध विहीर आणि विहिरीवर मोटारीची टिनाची खोली. त्या जमिनीत आईबाबांनी चाळीस वर्षं भाजी आणि फुलं काढली. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, शेवंती, झेंडू. बाबा गेल्यावर आईनं एकटीनं केलं, गावातल्या दोन-तीन बाया सोबतीला घेऊन. मी लग्न होऊन अकोल्याला आले, भाऊ नोकरीनं ठाण्याला गेला. वावर आईचंच राहिलं आणि आई वावराची.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा त्याची वाट आमच्या वावराच्या दक्षिणेच्या अंगानं पडली. पहिल्यांदा ते गेलं तेव्हा बाया विळे टाकून उभ्या राहिल्या म्हणे. नंतर त्यांना सवय झाली, पण आईला झाली नाही. तिकडे बेलोऱ्याकडून घरघर सुरू झाली की ती हातातलं काम थांबवायची आणि मोजायला लागायची. आई जुन्या बायांसारखी विसाच्या हिशोबानं मोजते. एक इसा म्हणजे वीस. आवाज सुरू झाल्यापासून सात इसा झाल्या की विमान वावरापाशी. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, तर तिचं एकशेचाळीस आणि माझे सेकंद जवळजवळ सारखेच निघाले. मी वर्गात अंतर-वेग-वेळ शिकवते आणि ही बाई खुरपं हातात धरून तेच करत होती, कोणी न शिकवता.

"त्याहीले वरून काय दिसत असंन वं?" तिनं मला विचारलं होतं.

"सगळं दिसते. रस्ते, नाले, वावरं."

"आपलं ओळखू येईन काय?"

"विहिरीवरचं टिन चमकलं तर येईन. नाहीतर सगळे तुकडे सारखेच."

ती परत खुरपायला लागली. तेव्हा मला वाटलं, विषय संपला.

उन्हाळ्यात वावराचा सौदा झाला. चहूबाजूंनी प्लॉटांचे ले-आउट पडलेलेच होते, आमचं तेवढं मधात राहिलं होतं. आईचे गुडघे गेले होते, करणारं कोणी नव्हतं. भावाची काही चूक नाही असं आई म्हणते. मी तसं म्हणत नाही, पण मग मीही अकोल्याची नोकरी सोडून विळा घेतला नाही, तेव्हा माझ्या तोंडाला कुलूपच बरं. घेणारा माणूस बरा होता. दिवाळीपर्यंतचं पीक काढून घ्या म्हणाला, मग मी जेसीबी लावतो. आणि आई त्याच्या आधी ठाण्याला जाणार, कायमची, असं ठरलं. जेसीबी लागताना तिनं इथं असू नये एवढं आम्हा दोघा भावंडांना कळत होतं.

भाऊ म्हणाला, रेल्वेनं आण, बडनेऱ्याहून सरळ आहे. आई पहिल्यांदाच त्याच्या शब्दाबाहेर गेली. "इमानानं जाऊ," म्हणाली. मी फोनवर होते, मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. जिनं आयुष्यात एसटीच्या पलीकडे काही मागितलं नाही, ती विमान मागते?

मग मी गावी गेले तेव्हा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून तिनं सांगितलं. "चाळीस वर्सं वाकून पाह्यलं व बाई. एक सरी झाली का दुसरी सरी. पुरं कधी पाह्यलंच नाही. एकडाव वरून पाहू दे मले. मंग काय कराचं ते करा म्हणा त्याहीनं."

एवढंच होतं तिचं मागणं. दागिना मागितला नाही, वाटा मागितला नाही. एकडाव वरून पुरं वावर बघायचं.

आणि ओळखू यावं म्हणून तिनं काय केलं, तर विहिरीच्या भोवतालचा अख्खा एक एकर झेंडू लावला. पिवळा, नारंगीसुद्धा नाही. "पिवळा वरून उठून दिसन," म्हणाली. दसऱ्याला झेंडूला जी मागणी असते ती आमच्या भागात कोणाला सांगायला नको. बडनेऱ्याचा फुलवाला सकाळीच गाडी घेऊन धुऱ्याशी येऊन उभा राहिला. बाकीच्या वाफ्यांतला आईनं दिला, तो एकर तोडू दिला नाही. फुलवाल्यानं हात जोडले. "मावशी, फुलं झाडावर सडतीन ना!" आई म्हणाली, "सडू दे. कोजागिरी होऊन जाऊ दे, मंग ने." गावातल्या बाया म्हणाल्या, बुढीचं डोकं फिरलं. मला तिचा बेत दसऱ्याच्या तीन आठवडे आधीच कळला होता, तेव्हा मीही क्षणभर तसंच म्हटलं. मग मी पट्टी आणि कोनमापक काढलं.

कारण आता ती खिडकी चुकून चालणार नव्हती. विमानात खिडक्या दोन बाजूंना असतात. चुकीच्या बाजूला बसलं की दक्षिणेकडची परकी गावं दिसणार, आणि तिचा एकर झेंडू आपल्याच पाठीमागून निघून जाणार. मी फोनवर उपग्रहाचा नकाशा काढून विहीर शोधली. टिनाचा पांढरा ठिपका सापडला तेव्हा मी स्टाफरूममध्ये ओरडलेच. दोन रविवार मी अकोल्याहून गावी गेले, नुसती धुऱ्यावर उभं राहून विमान बघायला. दोन्ही वेळा ते पश्चिमेकडे उडालं आणि वावर त्याच्या उजव्या हाताला राहिलं. वारा फिरला तर उलट बाजूनं उडेल का, मग वळताना कुठून येईल, त्याचंही कागदावर चित्र काढून ठेवलं. ओळखीतले दोघं जाऊन आले होते, त्यांना रांगा विचारल्या. पंखा कुठं येतो, चाक कुठं येतं. मग उजवीकडची, मागून दुसऱ्या रांगेतली खिडकी आईची आणि तिच्या शेजारची जागा माझी अशी पक्की केली. पोरांच्या परीक्षेच्या वेळीसुद्धा मी इतकी नेमकी नसते.

तिसरं तिकीट माझ्या नवऱ्याचं. ते माझ्या डोक्यात नव्हतंच. आईनंच काढायला लावलं. "लेक येते आन जवाई नाही, वाईट दिसते. जवाईबुवाले घेतल्याबिगर मी इमानात पाय ठेवत नाही." म्हणून त्याला विमानातल्या मधल्या रस्त्याच्या पलीकडची, डाव्या हाताची जागा घेतली.

माझ्या नवऱ्याबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नाही, हीच तर पंचाईत आहे. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवून बोलणं नाही. माझ्या नोकरीला कधी आडवा आला नाही. फक्त एकोणीस वर्षं तो माझ्या माहेरी जावई आहे. जावई दहावा ग्रह म्हणतात. मी वर्गात आठच शिकवते. प्लूटोला आम्ही यादीतून काढला, पण या दहाव्याला हात लावायची कोणाची टाप नाही. तो गावी आला की घरातली एकुलती एक खुर्ची त्याची. धुतलेला पंचा त्याचा. पहिली पोळी त्याची, आणि आई जेवायची सगळ्यांत शेवटी, तो बडीशेप खाऊन उठल्यावर. धोंड्याच्या महिन्यात तेहतीस अनारसे करताना तिची बोटं भाजली होती, तरी तिनं एकही विकतचा घातला नाही. त्यानं ते सगळं घेतलं. हपापल्यासारखं नाही, अगदी शांतपणे घेतलं. दिलेलं घ्यायचं असतं एवढंच त्याला माहीत.

आणि या प्रवासाचं कारण त्याला माहीत नव्हतं असं नाही. पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर तो नकाशा पसरलेला होता. तो रोज माझी पट्टी बाजूला सरकवून ताट ठेवायचा.

विमान कोजागिरीच्या दिवशी होतं; आम्ही आदल्या रात्रीच गावी मुक्कामाला गेलो. आई पहाटे उठून वावरात जाऊन आली. चिखलाचे पाय धुतले, ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसली. मी म्हटलं, झेंडू कसा आहे? म्हणाली, "भरून हाये. पाह्यशीनच ना तू वरून." अकोल्याची मी, तिला घेऊन उलट पूर्वेला बेलोऱ्याला निघाले, आणि मग त्याच वाटेवरून आकाशातून पश्चिमेला जायचं होतं. गाडीत पुढची सीट अर्थातच जावयाची. आई मागे, पिशवी मांडीवर, गावाकडे मान वळवून बसली होती. तिच्या तोंडावर असं हसू मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

विमानात चढायचा जिना मागच्या बाजूला होता, त्यामुळे आमची रांग लगेच आली. मी पुढे, आई मधे, नवरा मागे. मी रांगेशी थांबले आणि आईला म्हटलं, "जा, ती खिडकी तुझी."

आईनं खिडकीकडे पाहिलं. खरंच पाहिलं, मी साक्षीला आहे. एक पाय आतही टाकला. मग तिला मागे उभा असलेला जावई आठवला. ती वळली, पदर सावरला आणि म्हणाली, "जवाईबुवा, तुमी बसा जी तिकडं. खिडकीशी."

आता इथं थोडं सांगायला पाहिजे. आमच्याकडे असं म्हटलं की समोरच्यानं नाही म्हणायचं असतं. एकदा नाही, तीनदा. जेवताना आग्रह होतो, तेव्हा ताटावर हात आडवा धरायचा. तीनदा नाही म्हणून झालं की देणाऱ्याचं देणं होतं, घेणाऱ्याची लाज राहते आणि वस्तू जिथल्या तिथं राहते. लहान पोरालाही हे कळतं. आईनं आपलं पहिलं म्हणून टाकलं. ते म्हणणं तिला भागच होतं, ते न म्हणता बसली असती तर तिला ठाण्यापर्यंत घास उतरला नसता.

नवरा म्हणाला, "नाही मामी, तुम्ही बसा ना."

"नाही जी, तुमी बसा."

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता तर." आणि बसला.

एकदाच नाही म्हणून बसला! त्याच्या मते त्यानं मोठ्या माणसाचा मान ठेवला. त्या अर्ध्या मिनिटात कोणी चुकीचं वागलंच नाही, आणि एक एकर झेंडू हातचा गेला.

आईच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. तिसरा आग्रह तिच्या तोंडाशी येऊन थांबला होता, आता तो कोणाला करणार? मी म्हटलं, "अहो, उठा. ती जागा आईची आहे." म्हटलं, पण हळू. मागे लोक बॅगा घेऊन खोळंबले होते, हवाई सुंदरी बसा बसा म्हणत होती. आईनं माझं मनगट धरलं. माती उपसणारा हात आहे तो, चांगलाच दाबला. "तमाशा करू नोको. बस तू तिकडं. मले इथूनही दिसते." आणि ती त्याच्या शेजारी, माझ्या जागेवर बसली. मी रस्त्याच्या पलीकडे, जी जागा मी त्याच्यासाठी घेतली होती तिथं बसले.

ऐंशी पोरांच्या वर्गात मी खडू आपटला की पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटतो. तो आवाज त्या दिवशी कुठं गेला होता? एक शब्द मोठ्यानं म्हणायचा होता, उठा. फार तर आई दोन दिवस रुसली असती, फार तर नवरा ठाण्यात माझ्याशी बोलला नसता. हे मी किती वेळा मनात मोजलं असेल! माझ्या आईला मी जितका दोष देते ना, त्याच्याहून जास्त मला देते. आणि त्याला तर देतेच देते.

विमान निघालं. वारा आमच्या बाजूनं होता, पश्चिमेकडेच धावलं. ऊन डावीकडून, माझ्या डोळ्यांत. माझं गणित एकाही ठिकाणी चुकलं नव्हतं. घरघर सुरू झाली तशी आईची बोटं मांडीवर हलायला लागली. ती मोजत होती. मला पलीकडून दिसत होतं. वीस झाले की अंगठा एका पेरावरून दुसऱ्या पेरावर.

आणि माझ्या नवऱ्यानं मोबाइल काढला. खिडकीकडे पाठ केली, हात लांब करून आईच्या डोक्यावरून फोन धरला आणि स्वतःचा व्हिडिओ काढायला लागला. "तर मित्रहो, आपण आता अमरावतीहून उडालो आहोत…" त्याचं डोकं, खांदा आणि तो लांबवलेला हात. खिडकी काय ती त्याच्या कानाच्या बाजूला चार बोटं उरली होती. आई मान खाली घालून बघायची, मग वर करून बघायची, खुराड्यातल्या कोंबडीसारखी. पण त्याला "सरका जी" म्हणाली नाही. मी बेल्ट लावलेली, पलीकडून म्हटलं, "अहो, बाजूला व्हा ना!" पंख्यांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्याला वाटलं मी कौतुक करते आहे. त्यानं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

आईची बोटं थांबली. थोड्या वेळानं त्यानं फोन समोर धरला, चित्र नीट दिसेना म्हणून खिडकीचं झाकण खाली ओढलं आणि आपलाच व्हिडिओ बघायला लागला. ते झाकण मुंबईला उतरताना, सांगितल्यावरच उघडलं. आईनं पिशवीतून चिवडा काढला आणि पहिल्यांदा त्याच्यापुढे धरला.

ठाण्याला भावाच्या बिल्डिंगमधल्या बाया जमल्या होत्या. पहिल्यांदा विमानात बसलात ना काकू, कसं वाटलं? आई म्हणाली, "लय चांगलं वाटलं. वावर दिसलं ना आमचं. पिवळंजर्द. मधात विहीर, टिन चमकून राह्यलं होतं." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नवरा सोफ्यावर होता, तो म्हणाला, "हो, मामींना खूप आवड होती बघायची." मला आईचा इतका राग आला, इतका राग आला, की मी पाणी प्यायला आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. कोणासाठी खोटं बोलत होती ती? ज्यानं तिची खिडकी घेतली त्याची लाज राखायला.

दिवाळीनंतर मी एसटीनं अमरावतीला चालले होते. मूर्तिजापूर सुटलं तेव्हाच ठरवलं होतं, बघायचं नाही. बघितलंच. मुरमाचे रस्ते पडले होते, पांढरे दगड रोवले होते. विहीर बुजवली होती. टिन कोणी नेलं कोणास ठाऊक. झेंडूचा वाळका पालापाचोळा धुऱ्याशी ढीग करून ठेवला होता.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. थंडी पडली काय, जेवण झालं काय. मग म्हणाली, "बाई, तवा जवाईबुवानं मोबाइलात काहीतरी घेतलं होतं ना. त्यात मांगं खिडकी होती. त्यात कदाचित आलं असंन काय? तुले वेळ असंन तं पाह्य. घाई नाही."

त्या सांच्याला मी नवऱ्याकडे तो व्हिडिओ मागितला. कशाला, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आईला पाहिजे. त्याला बरं वाटलं. शोधून, शोधून काढला, "मामींना पाठव ना, पाठव," म्हणाला.

मी आधी स्वतः पाहिला. स्वयंपाकघरात, आवाज वाढवून. सगळी चौकट नवऱ्याच्या चेहऱ्यानं भरलेली. खाली कोपऱ्यात जांभळ्या लुगड्याचा काठ. तो बोलत असतो आणि त्याच्या बोलण्याच्या खालून, नीट कान दिला तर, आईचा आवाज येतो. ती पुटपुटत मोजते आहे. "तीन इसा… एक, दोन, तीन…" तिनं ओठांत मोजलं होतं असं मला वाटलं होतं. फोन तिच्या डोक्यावरच होता, त्यात सगळं आलं होतं.

आणि मग त्याच्या कानाच्या बाजूला, त्या चार बोटांत, हिरव्या-काळ्या तुकड्यांमधून एक पिवळा तुकडा सरकत गेला. मी थांबवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. पिवळा! स्वच्छ पिवळा! मी रडायला लागले. म्हटलं, देवा, एवढं तरी ठेवलंस. लगेच पाठवून दिला आणि खाली लिहिलं, कानापाशी बघ, आलं आहे.

तासाभरानं तिचा फोन आला. भावाच्या पोरानं तिला मोठ्या स्क्रीनवर लावून दिला होता म्हणे.

"पाह्यलं काय?" मी विचारलं.

"पाह्यलं. चारदा पाह्यलं."

"दिसलं ना? पिवळं?"

"दिसलं. चांगला झेंडू हाये, भरलेला. पण तो आपला नोहे, बाई."

"आई, पिवळा आहे तो. आजूबाजूला कोणी इतका लावला होता?"

"लावते ना लोकं. त्याच्या मधात विहीर कुठं हाये? आन तो पाच इसाले आला. मीच तं मोजून राह्यली होती, ऐकू येते त्याच्यात. आपलं साताले येते."

मी भूगोल शिकवते, नकाशावर विहीर मीच शोधली होती. रडण्याच्या भरात मला ना विहीर आठवली, ना तिचं मोजणं ऐकू आलं.

"मग साताला काय आहे?" शेवटी मी विचारलं. विचारायला नको होतं. मी तो भाग पाहिलेला होता. सात इसाला नवरा मागे टेकतो, हसतो आणि बाय बाय अमरावती म्हणतो.

"साताले जवाईबुवा हायेत," आई म्हणाली. मग लगेच घाईनं म्हणाली, "त्याहीले काही सांगजो नोको हं. त्याहीच्या मनाले लागन."

फोन ठेवला तेव्हा नवरा दारात उभा होता, चहाचा कप घेऊन.

"काय म्हणाल्या मामी? आवडला का व्हिडिओ?"

मी म्हटलं, "हो."